शर्यत लावणारा कोण?



गेल्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेनं माझा सत्कार केला. शाल, बाबासाहेबांची तसबीर, झेंडूचा हार. पुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर साठ-सत्तर पोरंपोरी, मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर लिहिलेलं : ‘स्पर्धा हीच यशाची गुरुकिल्ली’. खाली माझा फोटो, फोटोखाली नाव, नावाखाली हुद्दा. हुद्दा काय, तर कारकून. पण सरकारी. आमच्या वस्तीत सरकारी कारकून अजूनही कलेक्टरच्या तोऱ्यात मिरवतो.

मी बोललो. असल्या ठिकाणी सगळे जे बोलतात तेच बोललो. घरात लाईट होती तरी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला असं ठोकून दिलं. स्पर्धेनं मला घडवलं, तुम्हीही उतरा मैदानात, जो थांबला तो संपला, वगैरे भंकस. टाळ्या पडल्या. मागं भिंतीला टेकून माझा एक जुना दोस्त उभा होता. पाठीवर ती चौकोनी पिशवी, हॉटेलचं जेवण घरोघर पोचवायची. दोन ऑर्डरींच्या मधल्या वेळात वाकडी वाट करून आला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. आणि मला माझ्याच भाषणाची शरम वाटली. का, ते पुढं सांगतो. सांगायचंच आहे, त्यासाठीच लिहायला बसलोय. पण आधी स्पर्धा नावाच्या या भानगडीचा निकाल लावू.

आपल्यात दोन जातीचे शहाणे आहेत. एक म्हणतात, स्पर्धा म्हणजे प्रगती. दम असेल तर पळा, रडता कशाला? दुसरे म्हणतात, स्पर्धा म्हणजे भांडवलशाहीची रखेल. तिचं नावच नको. मला दोघांचंही पटत नाही.

दुसऱ्यांना आधी विचारतो : कॉम्रेड, जात म्हणजे काय? जात म्हणजे स्पर्धेला बंदी. गावात महाराला मेलेलं ढोर ओढायचं काम मिळवायला कुणाशी शर्यत लावावी लागत नव्हती. ते त्याचंच होतं. त्याच्या बापाचं होतं, त्याच्या पोराचं होणार होतं. दोन हजार वर्षांत एकाही भटानं त्या जागेसाठी अर्ज केला नाही. आणि पोथीच्या जागेसाठी आपला अर्ज कुणी घेत नव्हतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली भाषण लिहिलं. मंडळानं ते होऊ दिलं नाही, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात हाच मुद्दा आहे : जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि ती अक्कल बघून नाही, जन्म बघून केलेली आहे. तेव्हा स्पर्धेला सरसकट शिव्या घालणं आपल्याला परवडणार नाही. ज्याला शर्यतीच्या मैदानाबाहेर उभं केलं त्यानं मैदानात घुसणं हाही विद्रोहच होता.

आणि पहिल्यांना काय सांगायचं? ज्यांनी दोन हजार वर्षं शर्यत होऊ दिली नाही तेच आज ‘खुली स्पर्धा होऊ द्या’ म्हणून गळा काढतात, तेव्हा हसावं की थोबाडावं कळत नाही. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजं निघाली. बापाच्या पैशावर तिथं जागा घेणाऱ्याला कुणी विचारलं नाही, बाळा तुझी गुणवत्ता काय? गुणवत्तेचा पुळका येतो तो फक्त आपल्या जागेपाशी. एका खात्यात मात्र आपल्याला जवळजवळ शंभर टक्के आरक्षण आहे, आणि त्याविरुद्ध अजून एकही मोर्चा निघालेला नाही. गटारात उतरायचं खातं. हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला. तरी माणसं मरत राहिली, म्हणून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्यायला सांगितलं. त्या मॅनहोलमध्ये आपल्या गुणवत्तेवर अन्याय झाला अशी तक्रार घेऊन खुल्या प्रवर्गातला कुणी कोर्टात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. सभेत टाळ्या घ्यायला हे बरं पडतं. पण मला त्याच्या पुढचं विचारायचंय. मैदानात घुसलो, पळालो, जिंकलो, पुढं काय?

त्यासाठी बाळू पालवणकरची गोष्ट काढतो. एकेरीत लिहितोय, आपला माणूस म्हणून. आजच्या पोरांना क्रिकेटचं सगळं पाठ असतं, कुणाचा लिलाव कितीला झाला ते पैशासकट. पण या देशातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज चांभाराचा पोर होता, हे शंभरात दोघांना माहीत नसतं.

गेल्याच्या गेल्या शतकाची अखेर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू मैदानाची देखभाल करायचा. पिच लोटायचं, जाळी बांधायची. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचा गोरा कॅप्टन सरावाला यायचा, त्याला हा गोलंदाजी टाकायचा. टाकून टाकून डावखुरी फिरकी अशी तयार झाली की गावभर बोलबाला. गोरे त्याच्याकडून चेंडू टाकून घ्यायचे, पण बॅट हातात द्यायचे नाहीत असं सांगतात. बॅट साहेबानं धरायची, घाम बाळूनं गाळायचा.

आता बघा स्पर्धा काय करते. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. हरवायचं तर बाळू पाहिजे. पण बाळू तर अस्पृश्य! बरीच कुजबुज झाली, आणि शेवटी घेतला संघात. धर्मानं जे केलं नसतं ते जिंकायच्या हावेनं केलं. हे मान्य केलं पाहिजे. मी करतो. एका चेंडूला सगळ्यांनी हात लावायचा, म्हणजे विटाळ मैदानावर मेलाच की.

मैदानावर मेला. चहाच्या सुट्टीत जिवंत झाला. बाकीचे आत बसून कपबशीत चहा घ्यायचे, बाळूला बाहेर, मातीच्या बोळक्यात. पिऊन झालं की बोळकं फेकायचं. जेवणाचं पान वेगळं. ज्या हातानं बळी घेतले तो हात कपबशीला चालत नव्हता.

पुढं तो मुंबईला आला. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं, त्यात बाळू होता, भाऊ शिवरामही होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. आता बोला, याहून जास्त गुणवत्ता काय असते? त्याचं ज्येष्ठपण, त्याचा खेळ, सगळं बघता हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याचंच. वर्षामागून वर्षं गेली, मिळालं नाही. गोलंदाजी तुझी, हुकूम आमचा. पोरांनो, तुमच्या ऑफिसात हे कधी पाहिलंय का? मी रोज पाहतो. फाईल आपण तयार करायची, सही करणारा दुसरा.

आणि मग १९२० साल. त्या वर्षी बाळूला संघातून वगळलं, आणि कर्णधार आजारी पडल्यावर बाळूच्या भावांना डावलून दुसऱ्यालाच पुढं केलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम, दोघे भाऊ, यांनी पत्रक काढलं आणि खेळायला नकार दिला. संघातून बाहेर पडले. बोंबाबोंब झाली. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळूही परत आला, आणि उपकर्णधार म्हणून आला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. नुसत्या नकारानंच झालं असं मी म्हणत नाही. लोकमताचा दबाव होता, काळही हलला होता. पण हिशेब मांडा. एकशेचौदा बळींनी जे मिळालं नाही ते मिळायची सुरुवात झाली, खेळत नाही जा, असं दोघांनी मिळून म्हटल्यावर. बळी घेत राहिला असता तर तो उत्तम गोलंदाज म्हणूनच मेला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्पर्धा दार किलकिलं करते. आतल्यांना जेवढी आपली गरज, तेवढंच. घाम आत घेते, माणूस बाहेर ठेवते. दार पूर्ण उघडतं ते आपण जोडीनं अडून बसल्यावर.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण १९३७ साल यायचं होतं. मुंबईत भायखळा-परळच्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. काँग्रेसनं समोर कुणाला उभं करावं? बाळू पालवणकरला. बाबासाहेब दोनेक हजार मतांनी निवडून आले. पण ती लढत डोळ्यांपुढं आणून बघा. एकानं परदेशी विद्यापीठं जिंकलेली, एकानं परदेशी मैदानं. दोघांनाही स्वतःच्या देशात पाण्यापाशी लांब उभं केलेलं. आणि त्या दोघांना एकमेकांवर सोडलेलं. १९५२ सालीही तेच. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब हरले ते आपल्यातल्याच एका माणसाकडून, काँग्रेसच्या काजरोळकरांकडून. बाळूला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी देत नाही. का देत नाही ते आता सांगतो, कारण आता माझी पाळी आहे.

त्याआधी एक आकडा. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरती झाली. जागा १७,४७१. अर्ज १७ लाखांच्या वर. म्हणजे एका खुर्चीमागं शंभर पोरं. क्लासवाले सांगतात, मेहनत केली तर तुम्ही होणारच. बरं, समजा त्या सतराच्या सतरा लाखांनी जीव तोडून दुप्पट मेहनत केली. भरती किती होणार? १७,४७१. तिप्पट केली? १७,४७१. ही साधी तिसरीतली वजाबाकी आहे, पण ती कुठल्याच क्लासच्या फळ्यावर लिहीत नाहीत. लिहिली तर फी कोण भरणार? हरणारी नव्याण्णव पोरं आळशी म्हणून हरत नाहीत. ती हरतात कारण खुर्ची एकच मांडलेली आहे. आणि खुर्च्या किती मांडायच्या हे ठरवणाऱ्याकडं कुणी बघत नाही. सगळे बघतात शेजारच्या बाकड्यावरच्या पोराकडं.

मी पण तेच केलं.

२०१४ ची गोष्ट. एका सरकारी खात्यात कारकुनांची भरती होती. माझा हा दोस्त आणि मी, दोघांनी एकाच पुस्तकांच्या संचावर अभ्यास केला. त्याचं गणित पक्कं, माझं मराठी व्याकरण. तो मला शेकडेवारी शिकवायचा, मी त्याला समास. वडापाव अर्धा-अर्धा. निकाल लागला. आमच्या प्रवर्गाला जागा दोन. तो यादीत दुसरा, मी तिसरा. त्याला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त. म्हणजे तो आत, मी प्रतीक्षायादीत पहिला. आम्ही तरीही त्या रात्री पार्टी केली, खरंच आनंद झाला होता मला. हे खोटं नाही लिहीत.

पुढं कागदपत्रांची तपासणी होती. तेव्हा त्याचा बाप हॉस्पिटलात पडलेला. हा दिवसा बापापाशी, रात्री एका बिल्डिंगवर वॉचमन. फोन बंद पडलेला, रिचार्जला पैसे नव्हते. मला म्हणाला, ‘तपासणीची तारीख लागली की सांग रे. माझं काही लक्ष नाही.’ मी म्हटलं, सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी सायबर कॅफेत बघितलं तर यादी लागलेली. प्रतीक्षायादीवाल्यांनाही बोलावलेलं. तारीख सोमवारची. गैरहजर राहील त्याचा हक्क जाईल, असं खाली छापलेलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

त्याचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मी गेलो नाही. मी कुणाशी खोटं बोललो नाही, कुणाचा कागद फाडला नाही, कुणाला पैसे चारले नाहीत. फक्त गेलो नाही. शनिवारी तर त्याची आई नळावर दिसली. बाप कसा आहे विचारलं आणि पुढं झालो. सोमवारी जात वैधता प्रमाणपत्रासकट फाईल घेऊन रांगेत उभा राहिलो. शिपायानं त्याचं नाव तीनदा पुकारलं. माझ्या मागचा पोरगा म्हणाला, ‘आला नाही वाटतं, नशीब एकेकाचं.’

नंतर भेटला तेव्हा मी म्हटलं, मलाही ऐनवेळी कळलं. हे खोटं मात्र बोललो. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘जाऊ दे. तुझं झालं ना. आपल्यातल्याच एकाचं झालं.’

त्यानंतर त्यानं चार-पाच परीक्षा दिल्या. एकदा दोन मार्कांनी गेलं, एकदा भरतीच रद्द झाली. मग वय सरलं. आता ती पिशवी.

मी म्हणू शकतो, व्यवस्थेनं करून घेतलं. आपल्या असल्या मासिकात तसं म्हणायची सोयही आहे, कुणी आडवं येणार नाही. आणि अर्धं खरंही आहे. दोन जागांच्या ऐवजी तीन असत्या तर मी धावत गेलो असतो त्याच्या घरी, पेढे घेऊन. पण त्या तीन गल्ल्या न चाललेले पाय माझेच होते. खुर्ची कुणी एकच मांडली, हा प्रश्न विचारायचा सोडून मी दोस्ताला मागं टाकायचा रस्ता शोधला. आणि वर त्याच खुर्चीवर बसून पोरांना सांगतो, स्पर्धेनं मला घडवलं. घडवलं तर खरं. काय घडवलं ते फ्लेक्सवर छापत नाहीत.

चळवळीचं तरी वेगळं काय झालं? १९७२ मध्ये पँथर उभी राहिली, दोन वर्षांत फुटली. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला आता दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. प्रत्येक गटाचा पुढारी दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्याशी शर्यत लावून बसलाय, आणि बक्षीस काय, तर कुणाच्या तरी दारातली एक खुर्ची. जास्त लिहीत नाही. माझं बोट दुसऱ्याकडं वळलं की मला बरं वाटतं, तेच टाळायचंय.

मुंबईतल्या कचरा कामगारांचं उदाहरण मात्र सांगतो. महापालिका कचरा उचलायचं काम कंत्राटावर देते. ज्याचा दर कमी त्याला काम. हीसुद्धा स्पर्धाच, खुली, निविदा काढून. कंत्राटदार दर पाडतो कशातून? गाडीचं डिझेल तर कमी होत नाही. मग हातमोजे कमी, पगार कमी, सुट्टी कमी. दोन कंत्राटदारांच्या शर्यतीत पळतो तो कामगार, आणि दमतोही तोच. या कामगारांनी काय केलं? जास्त कचरा उचलून गुणवत्ता सिद्ध केली? नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघ बांधला, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून २,७०० जणांना कायम करायचा हुकूम मिळवला. सत्तावीसशे खुर्च्या एकदम. कुणाला मागं टाकून नाही.

म्हणून आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांना, जे मी माईकवर सांगायला हवं होतं, ते इथं सांगतो. अभ्यास करा. परीक्षा द्या. मैदान सोडू नका, सोडलं तर त्यांना हवंच आहे. पण भिंतीवर एक फळा लावा. ज्याला जी जाहिरात, जी यादी, जी तारीख दिसेल ती त्यानं त्याच दिवशी फळ्यावर लिहायची. फळ्यावर दिसलं नाही तर घरी जाऊन सांगायचं. ज्याचा फोन बंद त्याच्या घरी आधी. ज्यांना नोकरी लागली त्यांनी महिन्यातून एका दिवसाचा पगार द्यायचा, मागच्यांच्या फीसाठी आणि रिचार्जसाठी. मी माझ्यापासून सुरू केलंय, आणि त्यानं काही फिटत नाही हे मला माहीत आहे. आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : कुठल्या खात्यात किती पदं रिकामी, राखीव जागांचा अनुशेष किती, भरती का नाही. शंभर पोरं एका खुर्चीसाठी पळायच्या ऐवजी शंभर पोरं त्या खात्याच्या दारात बसली तर काय होतं ते एकदा बघू या की.

सत्काराच्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर दोस्त पुढं आला. हात मिळवला. म्हणाला, ‘भाषण झकास झालं, पण थोडं लांबलं. माझी एक ऑर्डर गेली.’ मग म्हणाला, तुझ्याकडं एक काम आहे. कंपनीनं किलोमीटरमागचा दर कमी केला म्हणून त्यांच्यातल्या तीस जणांनी एका रविवारी रात्री, ऐन जेवणाच्या वेळेला, मोबाईलमधलं ॲप बंद करून ठेवलं. दोन तास एरियातल्या ऑर्डरी अडल्या. मग दुसऱ्या एरियातली पोरं जास्त पैसे देऊन आणली. दर वाढला नाही. चौघांचे आयडी मात्र बंद झाले. हा त्या चौघांत नाही, पण त्यांच्यासाठी फिरतोय. कामगार आयुक्तांना अर्ज द्यायचाय, आणि सरकारी भाषा मला येते. राजस्थानात २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा झाला, हे त्यालाच माहीत होतं. मला नव्हतं. मी विचारलं, ‘तुझा आयडी चालू आहे ना? मग तू कशाला पडतोस यात? त्यांच्या ऑर्डरी तुलाच मिळतील की.’ माझ्या तोंडून असं निघून गेलं. तो हसला. म्हणाला, ‘असं कसं रे.’

अर्ज लिहून झालाय. दोन पानी. सोमवारी सकाळी तो तिघाचौघांना घेऊन सह्यांसाठी माझ्या घरी येतोय. मी त्याला सांगितलंय, तू अर्धा तास आधी ये, एकटा. हा अंक छापून हातात पडायच्या आत त्याला २०१४ च्या त्या गुरुवारचं माझ्या तोंडून कळलं पाहिजे.